शुक्रवारी रात्री घरी पास्ता आणि वाइन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मी घरी पहिला पास्ता केला तो अनंत चतुर्दशीला. दोन मित्र मिरवणूक बघायला येणार होते, म्हटलं लक्ष्मी रोडवर पाय दुखवून परत आले की गरम पास्ता आणि वाइनचा ग्लास हातात देऊ. संध्याकाळी सहाला पाणी उकळायला ठेवलं आणि वाइन आणायला खाली उतरलो. दुकानाचं शटर बंद. पुढच्या चौकातलंही बंद. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात ड्राय डे असतो हे सांगलीहून आलेल्या मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं.

वर आलो, पास्ता शिजवला, चाळणीत ओतला आणि मित्रांची वाट बघत बसलो. ते पाऊण तासाने आले. चाळणी ताटात पालथी केली तर स्पॅगेटीचा एक घुमट बाहेर पडला, त्यावर चाळणीच्या भोकांचे ठसे एकदम व्यवस्थित. सुरीने कापून वाढला.

त्यानंतर बऱ्याच शुक्रवारी हे जेवण केलंय आणि आता ते पस्तीस मिनिटांत होतं. कळलेली मुख्य गोष्ट एवढीच की पास्ता माणसांसाठी थांबत नाही, माणसांना पास्त्यासाठी थांबवावं लागतं. खालचा सगळा क्रम त्या हिशोबाने लावलेला आहे. मोजमाप दोन माणसांचं आहे. मश्रूम, लसूण, लोणी आणि क्रीम असा जरा चैनीचा सॉस घेतलाय, कारण आठवडाभर भाजी-पोळी खाऊन शुक्रवारी कोणाला हलकंफुलकं खायचं असतं?

1. आधी कॅलेंडर बघा, मग फ्रीज

वाइन आदल्या दिवशी आणा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे तर पाठच असतात. गणपतीचे दिवस आणि निवडणुका यांत लोक फसतात. मतदान संपेपर्यंतचे 48 तास दुकानं बंद राहतात, आणि गणेशोत्सवात कोणत्या दिवशी बंद हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ठरतं. तो आदेश पेपरात येतो, तेवढा वाचा.

सुपरमार्केटमध्ये वाइन मिळेल या भ्रमात राहू नका. तसा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला होता, त्यावर बरंच रान उठलं आणि तो कागदावरच राहिला. त्यामुळे वाइन शॉप किंवा बिअर शॉपी, दोनच ठिकाणं. तुम्ही वयाने लहान दिसत असाल तर ओळखपत्र खिशात ठेवा. एकवीसच्या आतले असाल तर वाइनचा भाग सोडून थेट तिसऱ्या पायरीवर जा, पास्ता सोलकढीबरोबरही खाता येतो. लागतो कसा ते विचारू नका.

2. बाटली निवडताना

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये नव्वद टक्के जागा व्हिस्की आणि रमची. वाइनच्या बाटल्या बहुतेक वेळा दर्शनी काचेत उभ्या असतात, कारण त्या दिसायला छान. त्या काचेवर दुपारभर ऊन येतं. तिथली बाटली घेऊ नका. 'फ्रीजमधली द्या' म्हणा, नसेल तर आतल्या खोक्यातली मागा. बाटलीवरचं साल वाचा. या किमतीतली पांढरी वाइन मुरवत ठेवायची नसते, दोन-तीन वर्षांच्या आतली असलेली बरी.

क्रीमच्या सॉसबरोबर पांढरी घ्या. नाशिककडची शेनिन ब्लाँ थोडी गोडसर असते, पहिल्यांदा पिणाऱ्याला ती पटकन आवडते. सोव्हिन्यॉं ब्लाँ कोरडी आणि आंबट-तरतरीत. लोण्याने तोंडावर जो थर बसतो तो ती धुऊन काढते, म्हणून मला तीच या जेवणाला योग्य वाटते. शिवाय पाककृतीतही तीच वापरायची आहे, आणि गोड वाइनने सॉस गोड होतो.

टोमॅटोचा सॉस करणार असाल तर लाल. तिथे आपल्याला एक भारी सोय आहे. इटलीतल्या तस्कनीची मुख्य द्राक्षजात सॅन्जोव्हेसे, ती सोलापूर जिल्ह्यात अकलूजला लावलेली आहे. तिथली फ्रातेल्ली ही वाइनरी इटलीतल्या, दिल्लीतल्या आणि अकलूजच्या अशा तीन घरांतल्या भावाभावांनी काढली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. ऊसपट्ट्यात ही वेल कशी रुजली हा वेगळा लेखाचा विषय. वाइन म्हणजे फक्त नाशिक असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक: आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकातच फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली होती. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली बाटली बाजारात आली ती त्यानंतर, 2000 साली.

सगळ्यात मोठा सापळा 'पोर्ट'. दुकानदाराला नुसतं 'वाइन द्या, स्वस्तातली' म्हटलंत की तो लाल, गोड पोर्ट हातात ठेवतो. चवीला ती खोकल्याच्या औषधाची चुलत बहीण आहे. पास्त्याबरोबर नको.

बाटलीचं तोंड बघा. फिरकीचं झाकण असेल तर काही लागत नाही. बूच असेल आणि घरी कॉर्कस्क्रू नसेल तर तो त्याच दुकानात घ्या. बूच चमच्याच्या दांड्याने आत ढकलायचा प्रयोग मी केलाय. पहिला फवारा छतावर गेला, डाग अजून आहे आणि घरमालकांना तो ओलीचा वाटतो.

3. पास्त्याच्या पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढचं चित्र नाही, मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक. तिथे 'ड्युरम व्हीट सेमोलिना' एवढंच असलं पाहिजे. किराणा दुकानात सुटी मिळणारी मॅकरोनी पुष्कळदा मैद्याची असते. ती शिजताना कडेने विरघळते आणि पाच मिनिटांत लापशी होते. इटलीत तर सुका पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असा 1967 पासून कायदा आहे.

ड्युरम म्हणजे परकं काही नाही. आपला बन्सी गहू तो हाच. ज्या रव्याचा उपमा मोकळा होतो त्या बन्सी रव्याचा भाऊबंद म्हणजे हा पास्ता. दाणा कडक, पिवळसर, म्हणून शिजल्यावरही आत दम राहतो. या गव्हाच्या नव्या जाती पुण्यातच तयार होतात, आघारकर संशोधन संस्थेत. 'एमएसीएस 4028' ही त्यांचीच ड्युरमची जात, तिच्यात प्रथिनं 14.7 टक्के. ही संस्था आगरकर रस्त्यावर आहे. रस्ता 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या. रिक्षावाल्याला सांगताना मी अजून अडखळतो.

आकार कुठलाही चालेल. स्पॅगेटी घेतलीत तर माणशी 100 ग्रॅम, म्हणजे 500 ग्रॅमच्या पाकिटातली निम्म्याहून थोडी कमी.

4. बाकीचं सामान

- बटण मश्रूमचं 200 ग्रॅमचं एक पाकीट. पांढरी आणि कोरडी दिसली पाहिजेत, पाकिटाच्या आत पाणी सुटलेलं असेल तर दुसरं घ्या.
- गावरान लसणाच्या आठ-दहा पाकळ्या. मोठा लसूण असेल तर चार पुरेत.
- लोणी 30 ग्रॅम. पिवळं खारं बटर घेतलंत तर सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका.
- ऑलिव्ह तेल मोठा एक चमचा. नसेल तर शेंगदाण्याचं सोडून घरात असेल ते.
- क्रीम 100 मिलि, म्हणजे छोट्या टेट्रापॅकचं निम्मं.
- चीज साधारण 40 ग्रॅम.
- काळी मिरी, ताजी कुटलेली. डब्यातली भुकटी वर्षापूर्वीची असेल तर तिला रजा द्या.
- वाइन 100 मिलि, जी प्यायला आणली त्यातलीच.
- मीठ, आणि वरून घालायला काहीतरी हिरवं.

चीजबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण शाकाहारी घरात इथे घोळ होतो. अस्सल पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तो त्याचा नियमच आहे. म्हणजे ते शाकाहारी नाही. आपल्याकडे पार्मेझान नावाने शाकाहारी रेनेटची चीजही मिळतात, तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका आहे का ते बघून घ्या. कॅम्पात दोराबजींकडे निवडायला भरपूर असतं. तेवढं जायचा कंटाळा आला तर चीजचे दोन क्यूब किसून घाला. त्यात चव कमी, पण त्यातल्या क्षारांमुळे सॉस फाटत नाही, हा फायदाच. पिझ्झाचं मोझरेला मात्र नको. काट्याला तारा लागतात आणि पांढऱ्या शर्टवर पडतात.

हिरवं म्हणून कोथिंबीर घालू नका. आमच्या आईने एकदा माझी पाठ फिरल्यावर मूठभर पेरली आणि पास्त्याला एकदम पावभाजीचा वास आला. बेसिल मंडईत मिळतं. घरचं हवं असेल तर फालुद्यात घालतो तो सब्जा कुंडीत पेरा. सब्जाचं झाड म्हणजे बेसिलच, फक्त पानाचा वास थोडा उग्र. आपली तुळस वेगळी, ती देव्हाऱ्यापुरती राहू द्या.

5. भांडी

पाच लिटरचा कुकर, झाकणाशिवाय. पास्त्यासाठी वेगळं उंच पातेलं घ्यायची गरज नाही. एक पसरट कढई किंवा मोठा तवा, जितका पसरट तितका चांगला. एक लांब चिमटा. किसणी. चाळणी लागतच नाही, उलट ती नजरेआड ठेवा म्हणजे मोह होणार नाही. आणि एक मग किंवा वाटी, पास्त्याचं पाणी काढून ठेवायला. ही वाटी गॅसशेजारीच ठेवा. ती नसेल तर तुम्ही पाणी सिंकमध्ये ओतणार, मीही ओतलंय.

6. पाहुणे यायच्या आधी

पांढरी वाइन फ्रीजमध्ये निदान तीन तास. आठ-दहा अंशांवर ती चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळीकडे वाचाल, पण ती खोली युरोपातली. पुण्यात एप्रिलमध्ये आपल्या स्वयंपाकघरात पस्तीस अंश असतात. म्हणून लालसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

लसूण चिरून ठेवा, ठेचू नका. ठेचलेला पटकन जळतो आणि कडू होतो. मश्रूम ओल्या फडक्याने पुसा. फार माती असेल तर झटपट धुवा आणि लगेच कोरडी करा, पाण्यात भिजत ठेवू नका. जाडसर काप करा, पातळ केले तर कढईत नाहीसे होतात. चीज किसा. क्रीमचा पॅक हलवून मग कापा. हे सगळं ओट्यावर मांडून झालं की कोणीही बेल वाजवू दे.

आणि पाहुण्यांना फोन करून विचारा, नेमके कुठे आहात. 'निघालोच आहे' हे पुण्यात पत्त्याऐवजी सांगायची पद्धत आहे. ते घरात येऊन चप्पल काढेपर्यंत पास्ता पाण्यात सोडायचा नाही.

7. पाणी

दोन लिटर पाणी, त्यात मोठा चमचाभर मीठ. हात आखडू नका, हे पाणी आमटीइतकं खारट लागलं पाहिजे. तेल घालायचं नाही. तेल वर तरंगतं आणि शेवटी पास्त्याला चिकटून सॉस घसरवतं. खळखळ उकळी फुटली की स्पॅगेटी उभी सोडा. मोडू नका, अर्ध्या मिनिटात ती स्वतःच वाकून आत जाते. पहिलं मिनिटभर ढवळत राहा. चिकटते ती तेव्हाच.

पाकिटावर नऊ मिनिटं लिहिलेली असतील तर ती समुद्रसपाटीची. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. आठव्या मिनिटाला एक तार काढून चावा. मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की ती कढईत जायला तयार. पूर्ण शिजवायची नाही, उरलेलं सॉसमध्ये होतं.

8. मश्रूम

हे पाणी तापत असतानाच सुरू करा. कढई चांगली तापवा, तेल घाला, मश्रूम एका थरात पसरा. मीठ नाही, झाकण नाही, आणि हलवायचं नाही. इथेच सगळे चुकतात, कारण आपला हात भाजी परतायला शिवशिवतो. दोन मिनिटांत मश्रूमना पाणी सुटेल आणि कढईत डबकं दिसेल. घाबरू नका, आच मोठीच ठेवा. पाणी आटलं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, भदभद थांबून चुरचुर सुरू होते. तो आवाज आला की एकदा उलटा. खालची बाजू भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची झालेली दिसेल. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा, गर्दी केली तर मश्रूम भाजत नाहीत, उकडतात.

आता आच मंद, निम्मं लोणी, लसूण. लसूण सोनेरी व्हायच्या आतच वाइन ओता. जोरात वाफ येईल, नाक बाजूला ठेवा. आधी झोंबणारा वास येतो, दोन मिनिटांत तो जाऊन द्राक्षांचा गोड वास उरतो. वाइन निम्म्याहून कमी झाली की गॅस बंद करून कढई तशीच ठेवा. इथे बिनधास्त थांबता येतं, अर्धा तासही.

एक खुलासा. वाइनमधलं अल्कोहोल शिजवल्यावर सगळं उडून जातं हा समज चुकीचा आहे, थोडं राहतंच. घरात मुलं असतील किंवा कोणी अजिबात घेत नसेल तर वाइनऐवजी पास्त्याचं पाणी वापरा आणि अगदी शेवटी चार थेंब लिंबू पिळा. न सांगता खाऊ घालणं बरोबर नाही.

9. शेवटची तीन मिनिटं

आता फोन घेऊ नका. कढईखाली मंद आच लावा, क्रीम घाला आणि ढवळा. उकळू द्यायचं नाही. आपल्याकडच्या टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्के असतो, वाइनच्या आंबटपणात ते उकळलं की फाटतं आणि सॉस फुटलेल्या ताकासारखा दिसतो.

चिमट्याने पास्ता पाण्यातून थेट कढईत. पाणी निथळत बसू नका, सोबत आलेलं हवंच आहे. पास्ता धुवायचा नाही, धुतलात तर सॉस धरून ठेवणारी वरची पिठूळ साय जाते. कुकरमधलं पाणी डावभर घाला, आच मध्यम करा आणि कढई हलवत, चिमट्याने पास्ता फिरवत राहा. पहिलं मिनिटभर हे पाणचट दिसेल आणि बिघडलं असं वाटेल. मग पाण्यातलं पीठ आणि लोणी एकजीव होतात आणि सॉस तारेला चकाकी देऊन बसतो. कढईत चमचा ओढला की रेघ क्षणभर राहून मिटली पाहिजे. लगेच मिटली तर आणखी अर्धा मिनिट, मिटलीच नाही तर अजून थोडं पाणी.

गॅस बंद. उरलेलं लोणी, चीज, मिरी. चीज आचेवर घातलं तर त्याचा गोळा होतो. चव बघा, मगच मीठ. ताटं आधी गरम पाण्याने धुऊन पुसलेली असतील तर उत्तम, क्रीम थंड ताटात लगेच घट्ट होतं.

वाढल्यावर दोन मिनिटांत पहिला घास तोंडात गेला पाहिजे. फोटो एकच काढा.

10. जेवताना आणि नंतर

750 मिलिच्या बाटलीत 150 मिलिचे पाच ग्लास होतात. शंभर मिलि कढईत गेली, म्हणजे माणशी दोन ग्लास आणि वर घोटभर. ग्लास एक तृतीयांशच भरा. वाइनचे खास ग्लास नसतील तर काचेचे साधे चालतील, स्टीलचा पेला मात्र नको.

पाहुणे दुचाकीवर आले असतील तर चावी ठेवून घ्या आणि कॅब मागवा. कायद्याची मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. दोन ग्लासांनंतर आपण तिच्या आत आहोत की बाहेर, हे नळस्टॉपच्या चौकात पोलिसांसमोर उभं राहून शोधायची गोष्ट नाही.

आईने हे जेवण पहिल्यांदा खाल्लं तेव्हा दोन घास खाऊन म्हणाली, 'आपल्या चकोल्याच की रे, फक्त वरण पांढरं केलंयस.' मला हे मान्य आहे. पुण्याच्या भाषेत वरणफळं. त्याही ताटात पडल्या पडल्या खायच्या असतात, आणि उरल्या तर सकाळी वडी पडते.

पास्ता उरलाच तर कढईत दोन चमचे दूध घालून मंद आचेवर सैल करा, मायक्रोवेव्हमध्ये तूप सुटतं. वाइन उरली तर झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस चांगली राहते. क्रीमचा उरलेला पॅक कापलेल्या तोंडाने तसाच ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा. रविवारच्या मटार-पनीरला होतो.